नातेसंबंधांतील परिवर्तन आणि कुटुंबोपचार : बुलढाणा जिल्ह्याच्या ग्रामीण संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

धामणगाव बढे हे बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील मोठे गाव. कापूस, सोयाबीन, मका आणि तूर ही या परिसरातील मुख्य पिके होत. मोठ्या दवाखान्यासाठी येथील माणसाला मलकापूर किंवा बुलढाणा गाठावे लागते. अशा गावातून खचलेल्या, झोप उडालेल्या किंवा दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला जेव्हा डॉक्टरांकडे नेले जाते, तेव्हा तो सहसा एकटा जात नाही. त्याच्यासोबत आई असते, बायको असते, चुलतभाऊ असतो आणि बहुधा एखादा मेहुणाही असतो. दवाखान्यात गेल्यावर मात्र रुग्णाला आत बोलावले जाते व बाकीच्यांना बाहेर थांबण्यास सांगितले जाते. आत रुग्णाची नोंद होते, निदान होते, औषध लिहून दिले जाते. बाहेरच्या बाकावर बसलेली मंडळी तोपर्यंत एकमेकांशी दबक्या आवाजात भांडत असतात.

ज्याला इंग्रजीत फॅमिली थेरपी म्हणतात तो कुटुंबोपचार नेमका येथून वेगळा मार्ग धरतो. तो बाकावरच्या मंडळींनाही आत बोलावतो. हा केवळ सोयीचा किंवा सौजन्याचा भाग नसून त्यामागे एक निश्चित विचार आहे. दोन माणसांमधील नाते बिघडते तेव्हा तो बिघाड त्या दोघांपैकी एकाच्या स्वभावात शोधून सापडत नाही. घरात रोज ठरावीक क्रमाने घडणाऱ्या गोष्टींच्या फेऱ्यात तो असतो, आणि म्हणून बदलही त्या फेऱ्यातच करावा लागतो, असा हा विचार होय. प्रस्तुत लेखात या विचाराचे स्वरूप, त्याची कार्यपद्धती आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील ग्रामीण कुटुंबांच्या संदर्भात त्याचा उपयोग व मर्यादा यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

व्यक्तीकडून व्यवस्थेकडे :

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानसोपचार हा प्रामुख्याने एका डॉक्टरचा एका रुग्णाशी होणारा संवाद होता. रुग्णाच्या नातेवाइकांना भेटणे हे कित्येक उपचारकांना गैर वाटत असे. १९५० च्या दशकात अमेरिकेत हे चित्र बदलू लागले. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन आणि त्यांचे सहकारी डॉन जॅक्सन, जे हेली व जॉन वीकलंड यांनी १९५६ साली स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात ‘दुहेरी बंधा’ची कल्पना मांडली. ओठांवर एक आणि वागण्यात दुसरेच, अशा परस्परविरोधी संदेशांत सापडलेला माणूस काय करील, हा त्यांचा प्रश्न होता. या सिद्धांतातून पुढे काहींनी असा अर्थ काढला की स्किझोफ्रेनिया आई-वडिलांमुळेच होतो. हा अर्थ नंतरच्या संशोधनात टिकला नाही आणि त्याने अनेक मातांना विनाकारण अपराधी ठरविले, हे येथे स्पष्ट नमूद करणे आवश्यक आहे. परंतु त्या लेखातील दुसरी गोष्ट मात्र टिकली. ती म्हणजे माणसाचे वागणे समजून घ्यावयाचे असेल तर ते कोणाच्या कोणत्या वागण्याला उत्तर म्हणून आले आहे हे पाहावे लागते.

याच काळात मरे बोवेन यांनी त्रिकोणाची संकल्पना विकसित केली. दोन माणसांमधील ताण असह्य झाला की ती दोघे तिसऱ्याला मध्ये घेतात, आणि तो ताण तिसऱ्याच्या अंगावर उतरतो. आपल्याकडे हा तिसरा माणूस पुष्कळदा आई असते, काही वेळा लहान मूल असते. अर्जेंटिनात जन्मलेले साल्वादोर मिनुचिन यांनी न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांतील कुटुंबांबरोबर केलेल्या कामावरील ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबातील सीमारेषा, म्हणजे कोणी कोणाच्या बाबतीत किती दखल द्यावयाची याची अलिखित बंधने, हा त्यांच्या पद्धतीचा कणा होता. इटलीत मिलान येथे मारा सेल्विनी पालाझोली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली वर्तुळाकार प्रश्नांची पद्धत मांडली. व्हर्जिनिया सॅटिर यांचे कामही या परंपरेत महत्त्वाचे मानले जाते. नावे आणखी बरीच देता येतील, पण पाठ्यपुस्तकी यादीपेक्षा ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

एक कल्पित कुटुंब :

विवेचनाच्या सोयीसाठी मोताळा तालुक्यातील एक कुटुंब कल्पू या. वडील अडुसष्ट वर्षांचे. सातबारा त्यांच्या नावावर, शेती पाच एकर. थोरला मुलगा पुण्याला कंपनीत, सणासुदीला येतो व अधूनमधून पैसे पाठवितो. धाकटा शेती पाहतो. मात्र बियाणे कोणते घ्यावयाचे, फवारणी केव्हा करावयाची, कापूस कधी विकावयाचा हे सारे वडील ठरवितात. धाकटा दोन वर्षांपासून पितो. त्याची पत्नी दोनदा माहेरी जाऊन परत आलेली आहे. त्यांची दहा वर्षांची मुलगी संध्याकाळ झाली की पोट दुखते म्हणून रडते. तिच्या सर्व तपासण्या झाल्या आहेत आणि त्यांत काहीही निघालेले नाही.

बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण आईच्या मार्फत. वडील अंगणातून म्हणतात, “त्याले विचार, मोटर कुठी ठेवली?” मुलगा घरातून म्हणतो, “त्याईले सांग, ठेवली जागेवर.” दोघेही एकमेकांचे शब्द स्पष्ट ऐकत असतात, तरीही आईने ते पुन्हा सांगावे लागतात. आई सांगताना त्यांतील धार कमी करते, कधी एखादा शब्द गाळते. घरात शांतता राहावी एवढीच तिची इच्छा असते. संध्याकाळी मुलगा पिऊन आला की ती मागच्या दाराने त्याला आत घेते व वाढते. सुनेला हे खटकते. ती सासऱ्यांसमोर ‘मामाजी, आज पुन्हा...’ एवढेच बोलून थांबते. वडील आईवर ओरडतात, आई रडते, आई रडली की मुलगा आणखी बिथरतो आणि या साऱ्यात नातीचे पोट दुखू लागते. मग दोघेही पुरुष मोटारसायकल काढून तिला दवाखान्यात घेऊन जातात. घरातल्या कोणाच्याही लक्षात न आलेली गोष्ट अशी की, बाप-लेक खांद्याला खांदा लावून एखादे काम करतात ते एवढेच.

आता या घरातील प्रत्येकाला विचारले की दोष कोणाचा, तर पाच जणांकडून पाच उत्तरे मिळतील आणि पाचही उत्तरे आपापल्या जागी खरी असतील. वडील म्हणतील, तो पितो म्हणून मी व्यवहार त्याच्या हाती देत नाही. मुलगा म्हणेल, माझ्या हाती काही नाही म्हणून मी पितो. ‘म्हणून’ या शब्दाची दोन टोके दोघांनी धरलेली आहेत. कुटुंबोपचारक या वादाचा निवाडा करीत नाही. घटनांच्या क्रमाला आरंभ असतोच असे नाही. तो वर्तुळासारखा फिरत असतो आणि कोठूनही तोडला तरी चालतो, हे त्याचे गृहीतक असते.

पहिल्या बैठकीत उपचारक काय पाहतो? सर्वप्रथम तो बसण्याची जागा पाहतो. वडील खुर्चीवर भिंतीशी, मुलगा दाराजवळ, आई त्या दोघांच्या मध्ये, नात आजीला चिकटून, आणि सून सर्वांच्या मागे उभी. घरातील सीमारेषांचा नकाशाच जणू समोर मांडलेला असतो. नंतर तो प्रश्न विचारतो. परंतु ते सरळ प्रश्न नसतात. मुलाला तो ‘तू का पितोस?’ असे विचारत नाही, कारण त्याचे पाठ झालेले उत्तर सर्वांनी शंभर वेळा ऐकलेले असते. तो नातीला विचारतो, “आजी रडायला लागली की सगळ्यात आधी कोण उठतं?” सुनेला विचारतो, “ताई, आबा आणि तुमच्या घरचे एकमेकांशी थेट बोलले असं शेवटचं कधी पाहिलं?” आईला विचारतो, “तुम्ही आठ दिवस लेकीकडे गेलात, तर या दोघांचे निरोप कोण पोचवील?” या प्रश्नांचे वैशिष्ट्य असे की त्यांत प्रत्येक जण स्वतःविषयी नव्हे, तर इतर दोघांमधील नात्याविषयी बोलतो, आणि ज्यांच्याविषयी बोलले जाते ते दोघे समोर बसून ते ऐकत असतात. माहिती गोळा होण्यापेक्षाही मोठे काम येथे होते. आपण मुलाशी नव्हे तर पत्नीशी भांडतो, हे वडिलांना कदाचित प्रथमच नातीच्या तोंडून कळते.

यानंतर मिनुचिन यांच्या पद्धतीने उपचारक जागा बदलतो. तो आईला विनंती करतो की, माय, तुम्ही जरा सुनेजवळ बसा. बाप-लेक आता शेजारी येतात आणि त्यांना दहा मिनिटे केवळ एका विषयावर बोलावयाचे असते : येत्या हंगामात एका एकरात काय पेरायचे. आईला मध्ये बोलण्याची सक्त मनाई असते. ही दहा मिनिटे फार अवघड जातात. आई दोनदा तोंड उघडते. उपचारक हाताने तिला थांबवितो. चौथ्या मिनिटाला वडील भिंतीकडे पाहून बोलतात, सातव्या मिनिटाला मुलाकडे पाहून. बाहेरच्या माणसाला हे काहीच नाही असे वाटेल. परंतु नात्यातील बदल प्रवचनाने होत नाही, तो असाच काही मिनिटांच्या वेगळ्या अनुभवाने सुरू होतो.

घरी जाताना प्रत्येकाला छोटे काम दिले जाते. एका एकराचा पूर्ण निर्णय, बियाण्यापासून विक्रीपर्यंत, मुलाकडे. त्यात नफा झाला तरी आणि तोटा झाला तरी वडिलांनी हंगाम संपेपर्यंत शेरा मारावयाचा नाही. आईने निरोप पोचवावयाचे नाहीत; ‘तुम्हीच विचारा’ एवढेच म्हणावयाचे. सुनेने उधारीवाल्यांना खोटी कारणे सांगावयाची नाहीत. नातीला काही काम नसते. तिला एवढेच सांगितले जाते की मोठ्यांच्या भांडणाची काळजी आता दवाखान्यातले डॉक्टर घेणार आहेत.

अनुभवी उपचारक येथे एक सूचना आवर्जून देतात : पहिले काही दिवस परिस्थिती अधिक बिघडल्यासारखी वाटेल. निरोप थांबले की घरात विचित्र शांतता पसरते. वडील जेवण नाकारतात. आईचे डोके दुखू लागते, कारण तिचे घरातील सर्वांत महत्त्वाचे काम काढून घेतलेले असते आणि त्याजागी दुसरे काही आलेले नसते. प्रत्येक कुटुंब जुन्या फेऱ्यात परतण्याचा प्रयत्न करते. तो दुष्टपणा नसून सवय असते. म्हणून दुसरी बैठक लांबवू नये, आणि त्या बैठकीत आईसाठी काही शोधले गेले पाहिजे.

मुलाची दारू या बैठकांनी आपोआप सुटेल असे मात्र कोणी समजू नये. मद्यासक्ती हा शरीराशीही निगडित असलेला आजार आहे; दीर्घकाळ पिणाऱ्याने अचानक दारू बंद केल्यास जिवाला धोका संभवतो आणि त्यासाठी वैद्यकीय उपचार अपरिहार्य असतात. कुटुंबोपचाराचे काम हे की, तो उपचार घेऊन घरी आल्यावर त्याला परत तेच घर भेटू नये.

सीमारेषा आणि मराठी घर :

पाश्चात्त्य कुटुंबोपचारातील संकल्पना आपल्याकडे जशाच्या तशा लावता येत नाहीत, असे वारंवार म्हटले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. त्रिकोण अमेरिकेतही असतो आणि मोताळ्यातही. फरक पडतो तो सीमारेषांच्या बाबतीत. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिणेच्या नातेव्यवस्थांमधील मधला पट्टा मानले. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा येथील अनेक समाजांत आढळते. अशा घरात सून ही सासूची भाची असते आणि सासूला ती लग्नाआधीपासून आत्या म्हणूनच ओळखत असते. तेथे सासर कोठे संपते आणि माहेर कोठे सुरू होते? माहेरच्यांनी मध्ये पडू नये, हा उपचारकाचा सल्ला अशा घरात निरर्थक ठरतो, कारण मध्ये पडणारा मामा हा एकाच वेळी सासूचा भाऊ आणि सुनेचा बाप असतो. येथे रेषा आखण्यापेक्षा, कोणत्या प्रश्नात तो कोणत्या नात्याने बोलणार आहे एवढे ठरवून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

दुसरा फरक मानाचा आहे. सुनेसमोर सासऱ्यांना त्यांची चूक दाखविली, तर ते पुढच्या बैठकीला येणार नाहीत, हे सांगण्यास कोणत्याही सिद्धांताची आवश्यकता नाही. म्हणून येथील उपचारक ज्येष्ठांपासून सुरुवात करतो, त्यांची परवानगी घेतो आणि बदलाची पहिली सूचना शक्यतो त्यांच्याच तोंडून येईल असे पाहतो. काही पुरोगामी विचारांच्या अभ्यासकांना ही तडजोड वाटते. पण ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला वगळून घरातील सत्तेचे वाटप बदलता येत नाही.

अमृतसरचे तंबू आणि सैलानी :

भारतात कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याचा आरंभ सिद्धांतातून झाला नाही, अडचणीतून झाला. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांच्याकडे रुग्णांची गर्दी होती व कर्मचारी अपुरे होते. त्यांनी नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांसोबत राहण्यास सांगितले. रुग्णांची देखभाल झाली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आजार काय आहे व तो कसा हाताळावयाचा हे कुटुंबांनी स्वतः पाहिले. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही नातेवाईक रुग्णासोबत राहण्याची पद्धत रुजली. पुढे बंगळुरूच्या निमहान्समध्ये कौटुंबिक मानसोपचाराचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. पाश्चात्त्य देशांत रुग्णाला कुटुंबापासून दूर नेण्याची रीत असताना येथे हे घडत होते, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत जेवढ्या ठळकपणे यावयास हवी तेवढी येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला तंबूंचे हे वर्णन वाचून पिंपळगाव सराईजवळील सैलानी बाबांच्या दर्ग्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. होळीच्या सुमारास तेथे भरणारी यात्रा आणि नारळांची होळी सर्वज्ञात आहे. हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांतील कुटुंबे मानसिक त्रास असलेल्या माणसाला घेऊन तेथे येतात आणि काही कुटुंबे तेथेच मुक्काम करतात. या प्रथेकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहिले, तर कुटुंबे तेथे का जातात हे कळत नाही. तेथे रुग्णाला एकटे आत बोलावले जात नाही. सारे घर एकत्र असते. शिवाय त्रास बाहेरच्या बाधेने झाला असे मानले की घरातील कोणीही दोषी ठरत नाही. ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट व न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी १९९० च्या सुमारास समस्येच्या बाह्यीकरणाची पद्धत मांडली. माणूस म्हणजे समस्या नव्हे, समस्या वेगळी आणि माणूस वेगळा, असे त्यांचे म्हणणे होते. बाधेच्या कल्पनेत याचा काही अंश आधीपासूनच आहे.

मात्र साम्य येथेच संपते. व्हाइट यांच्या पद्धतीत समस्या बाहेर ठेवल्यावर सर्वांनी मिळून तिच्याशी काय करावयाचे हे ठरविले जाते. बाधेच्या कल्पनेत ते काम बाहेरच्या शक्तीवर सोपविले जाते. परिणामी कुटुंब घरी परतते तेव्हा निरोप पोचविणारी आई, ओरडणारे वडील आणि मागचे दार जिथल्या तिथे असतात. आणि औषधांनी आटोक्यात येणारा आजार औषधांवाचून वाढत राहतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे श्रद्धास्थानाजवळच्या निवासात साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. त्या घटनेनंतर अशा स्थळांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माणसाला बांधून ठेवणे हे कोणत्याही श्रद्धेच्या नावाखाली क्षम्य नाही. पण त्याला तेथे आणणाऱ्या कुटुंबाला दरडावून परत पाठविणे हेही उत्तर नव्हे, कारण ते कुटुंब उद्या दुसरीकडे जाईल.

घरातील वातावरणाचा आजारावर परिणाम होतो याला संशोधनाचा आधार आहे. क्रिस्टीन वॉन व ज्युलियन लेफ यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सतत टीका, वैर किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत परतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी सुमारे ५१ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. शांत घरांत हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. पुढे चंदीगड परिसरात झालेल्या व १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तेथील ग्रामीण कुटुंबांत अशी टीका लंडनच्या कुटुंबांपेक्षा बरीच कमी आढळली. खेड्यातील घर रुग्णाला सांभाळून घेते या समजुतीला त्यामुळे बळ मिळाले. परंतु हे निष्कर्ष स्किझोफ्रेनियाविषयीचे आहेत हे विसरू नये. पिणाऱ्या मुलाविषयी किंवा कर्जबाजारी शेतकऱ्याविषयी घर तितकेच सहनशील असते असे त्यावरून म्हणता येत नाही.

मुक्तांगणचा अनुभव :

महाराष्ट्रात कुटुंबाला उपचाराच्या केंद्रस्थानी आणणारे सर्वपरिचित उदाहरण पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे आहे. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर केलेले लेखन वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झाले. त्याची उभारणी मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी केली. त्यांचे निधन १९९७ मध्ये झाले. पुढे मुक्ता पुणतांबेकर यांनी ही धुरा सांभाळली. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे चालविला जाणारा ‘सहचरी’ हा गट कुटुंबोपचाराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे.

अशा गटाचे महत्त्व काय? पिणाऱ्याची पत्नी वर्षानुवर्षे एक अदृश्य काम करीत असते. ती कामावर खोटा निरोप देते, उधारी फेडते, मुलांना गप्प करते, शेजाऱ्यांपासून लपविते. तिच्या या श्रमांमुळेच घर टिकते आणि दुर्दैवाने त्यांच्यामुळेच पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत. पत्नींच्या गटात तिला प्रथम कळते की हे आपल्या एकटीच्या घरात घडत नाही. दुसरी गोष्ट तिला कळते ती अधिक कठीण असते : नवऱ्याला बदलणे तिच्या हाती नाही, पण या फेऱ्यातील आपली पावले थांबविणे तिच्या हाती आहे. येथे एक धोका आहे. ‘तूच त्याला पाठीशी घातलेस’ असा या विचाराचा विपर्यास घरचे लोक सहज करतात, आणि सोसणारीच दोषी ठरते. ती आपले वागणे बदलते ते अपराधाची कबुली म्हणून नव्हे, तर तिच्या हाती असलेला तेवढा एकच धागा ती ओढते म्हणून, ही गोष्ट उपचारकाने पुन्हापुन्हा सांगावी लागते.

तडजोड म्हणजे उपचार नव्हे :

ग्रामीण महाराष्ट्रात कौटुंबिक वाद सोडविण्याच्या जुन्या-नव्या यंत्रणा आहेत. भाऊबंदकीची बैठक जुनी. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्य शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली आणि गावोगावी तंटामुक्त समित्या स्थापन झाल्या. त्यांनी बांधाचे, वाटणीचे, पैशांचे अनेक वाद न्यायालयाबाहेर मिटविले, हे मान्य केले पाहिजे. पण ‘मिटविणे’ या शब्दातच त्यांची मर्यादा आहे. समितीसमोर कोण चुकला ते ठरते, तो माफी मागतो, कागदावर सह्या होतात आणि नवरा-बायको ‘नांदायला’ परत जातात. बांधाच्या वादाला हे पुरते, कारण बांध सरकवून झाल्यावर जागचा हलत नाही. नाते मात्र त्याच संध्याकाळी पुन्हा जुन्या फेऱ्यात शिरते.

येथे सर्वांत गंभीर प्रश्न उपस्थित होतो तो हिंसेचा. घरात मारहाण होत असेल तेव्हा ‘दोघांचाही वाटा असतो’ हे वर्तुळाकार तत्त्व जसेच्या तसे लावणे घातक आहे. १९८० च्या दशकात स्त्रीवादी अभ्यासकांनी कुटुंबोपचारावर हीच टीका केली, आणि ती योग्य होती. ज्या स्त्रीला घरी जाऊन मार खावा लागणार आहे, ती नवऱ्याशेजारी बसून खरे बोलू शकत नाही. बोललीच तर त्याची किंमत तिला रात्री मोजावी लागते. म्हणून मारहाण, धमकी किंवा हुंड्यासाठी छळ असलेल्या प्रकरणांत आधी सुरक्षितता व कायदेशीर संरक्षण, आणि संयुक्त बैठक झालीच तर खूप नंतर व तिच्या इच्छेनेच, हा क्रम अनिवार्य होय. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षाने हीच भूमिका घेतली. पोलिसांच्या आवारात बसलेला प्रशिक्षित समाजकार्यकर्ता स्त्रीचे म्हणणे प्रथम तिच्याशी एकटीने ऐकतो. पुढे हा उपक्रम शासनाने राज्यभर नेला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मध्ये समुपदेशनाची तरतूद आहे. परंतु ती संरक्षणाच्या आदेशाला पर्याय म्हणून नाही. कोणत्याही गावपातळीवरील समितीने मारहाणीचे प्रकरण ‘घरगुती’ म्हणून मिटवू नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

जिल्ह्यातील वास्तव :

राज्यातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. विदर्भासाठीचे नागपूरला, बुलढाण्याहून ते सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. पाच माणसांच्या कुटुंबाने तेथे पंधरा दिवसांआड सहा वेळा जावे ही अपेक्षाच अवास्तव आहे. पेरणीच्या दिवसांत तर अकोल्यापर्यंतही कोणी येणार नाही. त्यामुळे कुटुंबोपचार येथे यावयाचा असेल तर तो तज्ज्ञाच्या दालनातून येणार नाही.

विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत बुलढाण्याचा समावेश सहा जिल्ह्यांत होतो, आणि त्या चर्चेचा भर कर्ज, पाऊस व भाव यांवर राहिला आहे. तो रास्तच आहे. कर्जाला समुपदेशन हे उत्तर नाही. परंतु कर्जाची बातमी घरात कोणाला माहीत असते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. सावकाराचे किंवा बँकेचे देणे किती आहे हे पुष्कळ घरांत पत्नीला नवऱ्याच्या मृत्यूनंतर कळते. ज्या घरात आकडा उघड बोलता येतो, त्या घरात तो आकडा कमी होत नाही, पण तो एका माणसाच्या छातीवर राहत नाही.

सांगाथ या संस्थेने अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या मदतीने दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हा कुटुंबोपचाराचा प्रकल्प नव्हता. पण पदवी नसलेला, गावची बोली बोलणारा माणूस हे काम काही मर्यादेपर्यंत करू शकतो हे त्यातून दिसले. राज्य शासनाच्या प्रेरणा प्रकल्पानेही २०१५ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ताणाखाली असलेल्या शेतकऱ्यांचा शोध घेण्याची रचना उभी केली. आशा ताईला घराचा उंबरठा ओलांडण्याची मुभा असते, सासूशी आणि सुनेशी वेगवेगळे बोलण्याची संधी असते. वर्तुळाकार प्रश्न विचारणे, निरोप्या कोण आहे ते ओळखणे, आणि मारहाण दिसताच थांबून प्रकरण संरक्षण अधिकाऱ्याकडे सोपविणे, एवढ्या तीन गोष्टी तिला काही दिवसांच्या प्रशिक्षणात शिकविता येतील. समाजकार्य महाविद्यालयांच्या क्षेत्रकार्यातही या पद्धतीला स्वतंत्र स्थान देता येईल. सध्या विद्यार्थ्याला ‘केस’ म्हणून एकच व्यक्ती दिली जाते आणि तिच्या घराची माहिती तो अहवालाच्या एका परिच्छेदात लिहून मोकळा होतो.

राहता राहिला जागेचा प्रश्न. पाच-सहा माणसे पाऊण तास बसू शकतील, बाहेरच्याला ऐकू जाणार नाही आणि ज्यात जाताना गावातील कोणाला संशय येणार नाही अशी खोली लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाचा दिवस वगळता दुपारनंतर अशी एखादी खोली बहुधा रिकामी असते. तिला आतून लागणारी कडी मात्र असावी लागते.